टर्कीचा भाव कोण सांगणार?

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी प्रोजेक्ट रिपोर्ट करून द्यायला लागले. मुलुंडला, घरीच, जेवणाच्या टेबलावर. आयुष्य कर्ज विभागात गेलं, त्यामुळे कुठल्या कागदावर साहेब अडतो ते पाठ आहे. गावाकडच्या पोरांना सीएची फी परवडत नाही, ती माझ्याकडे येतात. विषय ठरलेले. म्हशी, शेळ्या, ब्रॉयलरचं शेड, मधूनच कुणाचं मशरूम. आणि काही वर्षांनी एकदा नवा पक्षी येतो. ईमू येऊन गेला. मग कडकनाथ आला. आता टर्की आलाय, आणि तो घेऊन आलाय माझ्या दिरांचा मुलगा.

सासरचं गाव मुरबाड तालुक्यात. तिथे भाताची जमीन, विहीर, आणि रिकामं पडलेलं जुनं गोठ्याचं शेड आहे. पोराने मोबाइलवर हिशेब करून आणला होता. एक टर्की सात किलोचा. मुंबईत नाताळात किलोला ७०० रुपये. म्हणजे एका पक्ष्याचे ४,९०० आणि २०० पक्ष्यांचे जवळजवळ दहा लाख, तेही चार-पाच महिन्यांत. ‘‘काकू, ब्रॉयलरमध्ये एवढं कोण देतं?’’

मी एकच विचारलं, ‘‘सातशे तुला कोणी दिले?’’

दिले नव्हते कोणीच. एका दुकानदाराने गेल्या डिसेंबरात सांगितले होते, तेही दुकानात साफ करून ठेवलेल्या पक्ष्याचे. पोराने ते जिवंत वजनाला लावले होते. पण या चुकीपेक्षा मला दुसरीच गोष्ट खटकली, आणि अजून खटकते आहे.

ब्रॉयलरवाल्याला रोज भाव कळतो. जिल्ह्याजिल्ह्याचे दर व्हॉट्सॲपवर फिरतात, व्यापारी त्यात दोन-चार रुपये इकडेतिकडे करतो, पण आकडा असतो. अंड्यांचा दर नेक म्हणजे राष्ट्रीय अंडी समन्वय समिती जाहीर करते. मक्याला हमीभाव आहे, सोयाबीनला आहे. बँकेत आम्ही या आकड्यांवरच कर्ज बसवायचो. भाव पडला तर किती पडेल, त्यात हप्ता निघेल का, हे बघता येतं. टर्कीचा भाव कोण जाहीर करतं? कोणीही नाही. दुकानदार सांगेल तो, हॉटेल देईल तो, आणि २६ डिसेंबरला जो मिळेल तो. ज्या मालाला भाव नाही त्याचं तारण काय धरायचं, विमा कशावर उतरवायचा? विम्याच्या माणसाला पोराने फोन केला तेव्हा त्याने पहिला प्रश्न हाच विचारला, पक्ष्याची किंमत कशाच्या आधारे लावू?

हिशेब मात्र मी करून दिला. तो इथेही मांडते, कारण या पक्ष्याचे जे व्हिडिओ फिरतात त्यांत खर्चाची बाजू दहा सेकंदांत उरकलेली असते.

पिल्लं २००, एका दिवसाची, एकाला १८० रुपये. हा पोराला मिळालेला भाव. झाले ३६,००० रुपये. पुस्तकात टर्कीच्या पिल्लांची मरतूक तीन-चार टक्के लिहिलेली असते. नवशिक्याच्या हाताखाली मी दहा टक्के धरली, म्हणजे १८० पक्षी हातात राहतात. नर आणि मादी मिळून सरासरी साडेसहा किलो वजन धरलं. एक किलो वजन वाढायला पुस्तकी खाद्य पावणेतीन किलो. मी सव्वातीन धरलं, कारण खाद्य सांडतं, भिजतं, उंदीर खातात. पक्ष्यामागे २१ किलो, सगळं मिळून साधारण ३,८०० किलो, ४० रुपये दराने १,५२,००० रुपये. एक माणूस पाच महिने, महिना १२,००० प्रमाणे ६०,०००. ब्रूडिंगचे, म्हणजे पिल्लांना ऊब देणारे दिवे, भाताचं तूस, लसी, वीज, पिल्लं आणण्याचं भाडं मिळून २२,०००. बेरीज २,७०,०००. म्हणजे एक पक्षी तयार करायला १,५०० रुपये. यात शेडची दुरुस्ती नाही, व्याज नाही, कापणावळ नाही, बर्फ आणि टेम्पो नाही.

कापल्यावर टर्कीचं मांस ८० टक्क्यांच्या वर पडतं, कोंबडीपेक्षा बरंच जास्त. ८० धरले तर सव्वापाच किलोला थोडं कमी, आणि सगळ्या बॅचचं मिळून ९३६ किलो. किलोमागे खर्च २९० च्या आसपास. दुकानदार ७०० ला विकत असेल तर आपल्याला ४५० च्या वर देणार नाही. सगळे पक्षी ४५० ने गेले तर ४,२१,०००. दीड लाख सुटले. चांगलेच आहेत, नाही म्हणत नाही.

आता निम्मेच गेले तर? ९० पक्ष्यांचे येतात २,१०,०००, म्हणजे खर्चापेक्षा ६०,००० कमी, आणि ९० पक्षी शेडमध्ये उभे. मोठा पक्षी रोज साडेतीनशे ग्रॅम खातो. ९० पक्षी रोज साडेएकतीस किलो, म्हणजे १,२६० रुपये रोजचे, आणि वजनात आता म्हणण्यासारखी भर नाही. ब्रॉयलरचा व्यापारी ते घेईल का? घेईल. कोंबडीच्या भावात. मी हिशेब केला त्या आठवड्यात आमच्या भागात जिवंत कोंबडी शेडवर ११० च्या आसपास होती. साडेसहा किलोचे झाले ७१५ रुपये, १,५०० खर्चून वाढवलेल्या पक्ष्याचे.

खाद्याचा ४० चा दरही स्थिर नाही. कोंबडी काय, टर्की काय, खाणार मका आणि सोयाबीनची पेंडच. मका आता इथेनॉललाही जातो, त्यामुळे पोल्ट्रीवाल्याला तो पूर्वीसारखा स्वस्त मिळत नाही. २०२५-२६ चा मक्याचा हमीभाव क्विंटलला २,४०० रुपये होता. २०२१ मध्ये सोयाबीनची पेंड एवढी भडकली होती की केंद्र सरकारने बारा लाख टन जीएम, म्हणजे जनुकबदल केलेल्या सोयाबीनची पेंड आयात करायला परवानगी दिली. टर्कीच्या पिल्लाला तर सुरुवातीच्या खाद्यात २८ टक्के प्रथिनं लागतात, ब्रॉयलरच्या पिल्लापेक्षा जास्त. म्हणजे पेंड जास्त. पेंड चढली की टर्कीवाल्याला चटका आधी बसतो.

पक्षी बघायला म्हणून आम्ही वाड्याकडच्या एका शेडवर गेलो. मालक भला माणूस, भाताच्या गिरणीबरोबर हौस म्हणून थोडे टर्की पाळतो. मोठा नर पिसारा फुलवून पायात आला. डोकं निळसर होतं, आमच्याकडे बघता बघता लालबुंद झालं, आणि चोचीवरचं ते लोंबतं मांस बोटभर लांब होऊन चोचीच्या खाली आलं. रस्त्यावरून ट्रक हॉर्न वाजवत गेला की सगळे नर एकदम ओरडून उत्तर देतात. प्रत्येक हॉर्नला. पोराला मजा वाटली. मी शेजारी घरं किती आहेत ते बघत होते.

खरी गंमत पिल्लांच्या खोलीत होती. पाण्याच्या भांड्यात रंगीत गोट्या टाकलेल्या. मी म्हटलं ह्या कशाला? तर टर्कीच्या पिल्लाला नजर कमी आणि भित्रेपणा जास्त. समोर खाद्य असून, पाणी असून ते उपाशी मरतं. चमकणारं काही दिसलं की टोचायला येतं आणि तोंड पाण्यात जातं. हिरव्या रंगाची ओढ असते म्हणून वरून बारीक चिरलेला पाला भुरभुरायचा. पहिले पंधरा दिवस दहा पिल्लांमागे एक उकडलेलं अंडं कुस्करून, आणि पाण्यात थोडं दूध. तो माणूस एकेक पिल्लू उचलून त्याची चोच पाण्यात बुडवून दाखवत होता. दोनशे पिल्लांना हे करायचं तर घरची बाईमाणसं लागतात, आणि त्यांची मजुरी कुठल्याच प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये नसते. माझ्याही नव्हती. जाऊबाईंना विचारल्याशिवाय हे पान मी पुढे नेणार नाही, असं पोराला तिथेच सांगितलं.

तिथे आणखी एक गोष्ट कळली ती महत्त्वाची. आमच्या दिरांकडे अंगणात पंचवीस-तीस गावठी कोंबड्या आहेत. टर्की त्यांच्यात सोडायचे, जागेचा प्रश्न मिटला, असा पोराचा बेत होता. ते चालतच नाही. काळडोकं म्हणून एक रोग आहे, त्याचे जंतू कोंबडीच्या आतड्यातल्या बारीक कृमींच्या अंड्यांतून पसरतात. कोंबडीला फार काही होत नाही, पण ती अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात आणि त्या मातीवर टोचणारा टर्की पिवळी हगवण लागून मरतो. त्यावरचं नायटारसोन हे शेवटचं मान्य औषध अमेरिकेत २०१५ च्या अखेरीस बाजारातून गेलं. तेव्हा कोंबड्या फिरलेली जमीन टाळणं एवढाच इलाज. आमचं अख्खं अंगणच बाद झालं.

पिल्लं आणायची कुठून, हाही प्रश्न आहेच. बरेलीजवळ इज्जतनगरला केंद्र सरकारची पक्षी संशोधन संस्था आहे, तिथे टर्कीवर काम चालतं. चेन्नईच्या नंदनमला पशुवैद्यकीय विद्यापीठाने आपली जात काढली आहे. केरळात कोल्लमजवळ कुरीपुझाला सरकारी टर्की फार्म आहे. नावं बघा, सगळी दूरची. आपल्याकडे गोरेगावला आरे कॉलनीत केंद्राची कुक्कुट विकास संस्था आहे, तिथलं प्रशिक्षण घे म्हणून मी पोराला आधीच सांगितलं होतं. पक्षी कुठलाही पाळ, शेड कसं ठेवायचं ते तरी कळेल. वेळेचंही गणित आहे. अंड्यातून टर्कीचं पिल्लू यायला २८ दिवस, कोंबडीचं २१ दिवसांत येतं. मादी विक्रीला तयार व्हायला १७-१८ आठवडे. २० डिसेंबरला माल हवा तर पिल्लं १५ ऑगस्टच्या आसपास शेडमध्ये हवीत. मुरबाडचा ऑगस्ट ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको, तूस दोन दिवसांत ओलं होतं आणि वीज चार तास जाते.

म्हणून पोराने एक खाजगी विक्रेता शोधला होता. तो पिल्लं पोचवणार, खाद्यही देणार आणि तयार पक्षी परत घेणार. करारनामा पोराने मोठ्या अभिमानाने माझ्यापुढे ठेवला. पाचवं कलम वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. ‘तयार पक्षी प्रचलित बाजारभावानुसार व गुणवत्तेच्या अधीन राहून परत घेतले जातील.’ अरे बाबा, बाजारभाव कुठला? तो छापतं कोण? आणि गुणवत्ता ठरवणार कोण, तोच ना? पिल्लांचे आणि खाद्याचे पैसे मात्र आगाऊ, आणि त्यांचा आकडा स्पष्ट लिहिलेला. जिथे आपण देणार तिथे आकडा, जिथे आपल्याला मिळणार तिथे शब्द.

हे महाराष्ट्राला नवीन नाही. २०१९ मध्ये इस्लामपूरचं कडकनाथ प्रकरण गाजलं, शेकडो शेतकरी पोलीस ठाण्यात रांगा लावून होते. त्याआधी २०१२ मध्ये तमिळनाडूत पेरुंदुराईला ईमूचा फुगा फुटला, आणि आपल्याकडेही लोकांनी ईमू मोकळे सोडून दिले. पक्ष्यात खोट नव्हती. कडकनाथ आजही चांगला विकला जातो. पण त्या योजनांत पैसा पिल्लू विकण्यात होता, आणि मांस खाणारं गिऱ्हाईक कोणी शोधलंच नव्हतं. शेवटच्या शेतकऱ्याने पिल्लू घेतलं की खेळ संपला.

पोराला वाटत होतं खरी अडचण परवान्यांची असेल. तसं नाही. सरकारी नियमांत टर्की कुक्कुट पक्ष्यांतच मोडतो, त्याला वेगळा परवाना नाही. शेतकऱ्याला नुसता पक्षी वाढवायला अन्नसुरक्षा कायदा लागू होत नाही. तो कापून विकायला गेला की लागतो. दिवसाला ५० पक्ष्यांपर्यंत कापणाऱ्याला साधी नोंदणी, त्यापुढे १,००० पर्यंत राज्याचा परवाना. प्रदूषणाचं म्हणाल तर राष्ट्रीय हरित लवादाच्या २०२० च्या आदेशानंतर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पोल्ट्रीसाठी मार्गदर्शक सूचना नव्याने काढल्या. ५,००० च्या वर पक्षी असले की राज्य मंडळाची संमती हवी, वस्तीपासून ५०० मीटर, पाण्याच्या साठ्यापासून १०० मीटर अंतर हवं. दोनशे पक्ष्यांना यातलं काही नाही. ग्रामपंचायतीचा दाखला आणि शेजाऱ्यांची मर्जी. त्यातली दुसरी गोष्ट हॉर्नला उत्तर देणाऱ्या पक्ष्यांमुळे जरा अवघड.

मला या नियमांत एक गोष्ट विचित्र वाटते. सगळीकडे डोकी मोजली आहेत. दोन किलोचा ब्रॉयलर एक पक्षी आणि सात किलोचा टर्कीही एकच पक्षी. ४,९०० टर्की पाळणाऱ्याच्या शेडमध्ये सतरा हजार ब्रॉयलरएवढं वजन असेल, विष्ठाही त्या मानाने, पण तो संमतीच्या बाहेर. आणि ५० पक्षी कापायची मर्यादा लावरीलाही तीच, टर्कीलाही तीच. अमेरिकेच्या कुक्कुट तपासणी कायद्यात लहान शेतकऱ्याला जी सूट आहे तिथे एक टर्की म्हणजे इतर चार पक्षी असा हिशेब लिहूनच ठेवलाय, २५० टर्की किंवा १,००० कोंबड्या. त्यांच्याकडे हा पक्षी रोजच्या व्यवहारातला आहे, त्यामुळे कायदा करणाऱ्याला तो डोळ्यासमोर दिसत होता. आपल्याकडे नियम लिहिणाऱ्यासमोर कोंबडी होती. आपल्या जनावर वाहतुकीच्या नियमांत तेवढी टर्की आणि हंसबदकांसाठी पिंजऱ्यातली जागा वेगळी मोजली आहे. बाकी सगळीकडे तो कोंबडीच्या रांगेत उभा.

जुलै २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पशुपालनाला शेतीच्या बरोबरीचा दर्जा द्यायचं ठरवलं. २५,००० मांसल किंवा ५०,००० अंड्यांवरच्या पक्ष्यांपर्यंत विजेचा दर शेतीसारखा. पोल्ट्रीवाले वर्षानुवर्षं हे मागत होते आणि मला तो निर्णय पटला. पण वीज स्वस्त झाल्याने गिऱ्हाईक येत नाही.

बर्ड फ्लूचा मात्र विचार करावाच लागतो. देशातला पहिला उद्रेक २००६ मध्ये आपल्याच नवापूरला झाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये तो आमच्या शेजारच्या शहापूर तालुक्यात वेहळोलीला आला होता, जानेवारी २०२५ मध्ये उरणला चिरनेरला. रोग निघाला की एक किलोमीटरच्या आतले सगळे पक्षी मारतात, तुमचे निरोगी असले तरी. भरपाई मिळते ती सरकारने मारलेल्या पक्ष्यांची, ठरलेल्या दराने. त्याआधी शेडमध्ये मेले ते तुमचे. ब्रॉयलरवाल्याची बॅच सहा आठवड्यांत निघून जाते, दुसऱ्या बॅचला तो सावरतो. टर्कीवाल्याचं अख्खं वर्ष त्या एका शेडमध्ये असतं.

आता गिऱ्हाईक. मुंबईत टर्की खातो कोण?

बँकेतली माझी मैत्रीण वसईची, ईस्ट इंडियन ख्रिस्ती. तिला विचारलं तर हसली. ‘‘अगं, आम्ही नाताळात बदकाची मोयली करतो, सोरपोटेल करतो. टर्की सिनेमातला. एकदा केला होता, कोरडाठक्क झाला.’’ मग विचार करून म्हणाली, पण हल्ली पोरांना हवा असतो, वांद्र्याला तिच्या भाच्याने मागवला होता. त्या भाच्याची अडचण ऐकून माझे डोळे उघडले. पक्षी सहा किलोचा आणि घरातला ओव्हन २८ लिटरचा. बसेचना. शेवटी पायांकडून कापून दोन भागांत भाजला आणि टेबलावर जोडून ठेवला. मुंबईच्या ओट्यावर जेवढा ओव्हन मावतो त्यात चार किलोपेक्षा मोठा पक्षी जात नाही. म्हणजे व्हिडिओतले ते दहा किलोचे रुंद छातीचे पांढरे नर घरच्या गिऱ्हाइकाला नकोतच. त्याला हवी लहान, गावठी मादी, जी लवकर कापता येते आणि कमी खाते. हे मला कोणत्याही पुस्तकात सापडलं नसतं.

क्रॉफर्ड मार्केटला गेलो तिथल्या व्यापाऱ्याचं बोलणं याच्या उलट. त्याचा माल हॉटेलांना जातो. हॉटेलला एका मापाचे, गोठवलेले, कागदपत्रांसकट पक्षी लागतात, आणि डिसेंबरच्या आधी लागतात, कारण अमेरिकन पाहुण्यांचा थँक्सगिव्हिंगचा सण नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी असतो. ‘‘मॅडम, तुमचा माल चांगला असेल. पण मला सहा किलोचे वीस सांगितले तर सहाचेच वीस द्याल का?’’ मुरबाडच्या शेडमधून एका मापाचे वीस निवडायला साठ वाढवावे लागतील.

आणि हॉटेलला पर्याय आहे. न्हावाशेवाला कंटेनरने येणारा गोठवलेला अमेरिकन टर्की. अमेरिकन पोल्ट्रीवर आपण बर्ड फ्लूच्या कारणाने बंदी घातली होती, ते भांडण जागतिक व्यापार संघटनेत गेलं आणि २०१५ मध्ये आपण हरलो. मग सप्टेंबर २०२३ मध्ये, जी-२० च्या सुमारास, दोन्ही सरकारांत तडजोड झाली आणि गोठवलेल्या टर्कीवरची कस्टम ड्युटी ३० टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आली. ब्लूबेरी, क्रॅनबेरी, बदक यांच्याबरोबर. आपल्याकडे टर्कीवाले इतके थोडे की कोणी बोंब मारली नाही. कोंबडीच्या तंगडीवर अशी सवलत दिली असती तर नामक्कलपासून नाशिकपर्यंत मोर्चे निघाले असते. सौद्यात काय सोडायचं हे सरकारला बरोबर कळतं.

त्या अमेरिकन पक्ष्याशी आपण किमतीत टिकू का, हा प्रश्नच चुकीचा. तिथे वर्षाला वीस कोटींच्या आसपास टर्की तयार होतात, सगळ्यांत जास्त मिनेसोटात. बटरबॉल, जेनी-ओ अशा कंपन्या पिल्लू आणि खाद्य देतात, शेतकरी करारावर वाढवतो. त्या एका सणाला साडेचार कोटींच्या वर पक्षी खाल्ले जातात, पण ते काही त्याच महिन्यात तयार होत नाहीत. वर्षभर कापून शीतगृहात भरत राहतात. सणाच्या आठवड्यात दुकानं तर टर्की पदरचे पैसे घालून स्वस्त विकतात, कारण तो घ्यायला आलेला माणूस उरलेली गाडी बाकीच्या मालाने भरतो. म्हणजे हंगामाचा भार तिथे शीतगृहावर आणि दुकानदारावर आहे. आमच्या पोराच्या योजनेत तो एकट्या पोरावर होता. आणि त्यांनाही बर्ड फ्लूने सोडलेलं नाही. २०१५ मध्ये मिनेसोटातल्या टर्कीवाल्यांना मोठा फटका बसला, २०२२ पासून पुन्हा सुरूच आहे.

आपणही गोठवून ठेवावे, असं पोराचं म्हणणं. डीप फ्रीजर, वीज, आणि गोठवून पाकिटात लेबल लावून विकलं की ५ टक्के जीएसटी. ताज्या मांसाला तो नाही. शंभर पक्ष्यांसाठी ते करण्यात अर्थ नाही. पाच जणांनी मिळून केलं तर बघू, पण पाच जण एकत्र आणायचे म्हणजे टर्की पाळण्यापेक्षा अवघड काम.

तर रिपोर्टचं काय झालं? केंद्राच्या राष्ट्रीय पशुधन अभियानातल्या उद्योजकता योजनेचं ५० टक्के अनुदान पोराच्या डोक्यात होतं, २५ लाखांपर्यंतचं. ते हजार माद्यांच्या पैदास केंद्राला आणि हॅचरीला आहे, गोठ्यातल्या दोनशे पक्ष्यांना नाही. तो विषय तिथेच मिटवला. करारनाम्यावर सही करायची नाही, हे दिरांसमोर कबूल करून घेतलं. बँकेत असते तर या प्रस्तावावर मी ‘विक्रीची हमी नाही’ असा शेरा मारून फाइल परत केली असती. काकू म्हणून तसं करता येत नाही. आणि पोरगं कामाचं आहे, पहाटे पाचला उठून दोन डेअऱ्यांना दूध घालतं. शिवाय चार किलोच्या मादीचा धागा मला खरा वाटतो. त्या मापाचा आयात माल मला कुठे दिसला नाही, हॉटेल ते घेत नाही, आणि वांद्रे, वसई, ठाण्याची घरं ते शोधतायत.

म्हणून नवा हिशेब केलाय साठ पिल्लांचा. गोठ्यात, कोंबड्यांपासून दूर, सिमेंटच्या कोब्यावर. माणूस ठेवायचा नाही. कर्ज नाही. पक्षी पाच किलोवर पोचला की काढायचा, म्हणजे साफ होऊन चार भरतो. नर मोठे होतील ते वाड्याच्या त्या गिरणीवाल्याला, त्याने घेतो म्हटलंय, पण त्यावर मी एक रुपयाही धरलेला नाही. आणि अट घातली आहे. जुलै संपायच्या आत तीस ऑर्डरी नोंदवून दाखवायच्या, प्रत्येकी ५०० रुपये ॲडव्हान्स घेऊन, भाव आताच लिहून. पक्षी ५०० रुपये किलो, साफ करून, २२ डिसेंबरला घरपोच. भाव कोणी जाहीर करत नसेल तर आपणच लिहून घ्यावा, एवढं तर करता येतं.

आतापर्यंत अकरा ऑर्डरी आल्यात. चार माझ्या मैत्रिणीच्या ओळखीतल्या, वसईच्या. एकाने ॲडव्हान्स देऊन विचारलंय, साडेतीन किलोचा मिळेल का. पोरगं हो म्हणून बसलंय. आता त्या एका पक्ष्याचं खाद्य कधी बंद करायचं याचा तक्ता मला करून द्यायचाय.